एका मोटरवर दोन काटे

लिफ्टने हिसका दिला आणि भिंगरीचं पोट पाचव्या मजल्यावरच राहिलं. बाकीची भिंगरी खाली निघाली होती. खांद्यावरची पिशवी, हातातली छत्री, नुकताच शिवून आणलेला चपलेचा अंगठा, सगळं निमूट खाली चाललं होतं, पोट तेवढं वर हटून बसलं होतं. यात नवीन काही नव्हतं. इमारतीची लिफ्ट म्हातारी, निघताना एकदम सुटायची आणि थांबताना धाडकन थांबायची. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू तर आत पाऊल टाकण्याआधी दाराला हात लावून 'सांभाळून ने गं बाई' असं म्हणत, आणि लिफ्ट त्यांचं ऐकतही असावी, कारण त्या बरोबर असल्या की हिसका कमी बसे. आज काकू नव्हत्या. तिसरा मजला वर सरकला आणि दुसरा यायच्या आतच आणखी एक हिसका बसला, पहिल्याच्या उलटा. वर राहिलेलं पोट गुडघ्यांत येऊन आदळलं, पिशवीचा पट्टा खांद्यात रुतला, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये, समोर सिमेंटची कोरी भिंत ठेवून, गप्प उभी राहिली. दिवा चालू होता, पंखाही फिरत होता. बाहेरून रखवालदार ओरडला, "घाबरू नका बाई, माणूस बोलावलाय!" "घाबरतंय कोण," भिंगरी आतून म्हणाली, आणि खरंच ती घाबरली नव्हती. उद्या सकाळी तिची स्वतःची लिफ्ट सुरू व्हायची होती. त्या आनंदात ती गेले काही दिवस हवेतच होती, मग दोन मजल्यांच्या मध्ये थोडा वेळ राहायला तिची काय हरकत असणार!

तिची लिफ्ट होती विज्ञान संग्रहालयाच्या तळमजल्यावर, आणि तिला कुठेही जायचं नव्हतं. भिंगरी तिथल्या कार्यशाळेत प्रदर्शनातल्या वस्तू बनवायची. लहानपणी एका जागी टिकत नसे म्हणून घरात पडलेलं नाव पंचेचाळिशी उलटली तरी सुटलं नव्हतं, कार्यशाळेतही ते कुणीतरी पोचवलं होतं, आणि आता पदार्थविज्ञानाची पदवी घेतलेल्या, चष्मा लागलेल्या बाईला शिपाईसुद्धा 'भिंगरीताई' म्हणून हाक मारी. तर तिची लिफ्ट म्हणजे एक लोखंडी खोली. दार लागलं की जमीन बारीक थरथरे, खिडक्यांबाहेर रंगवलेले पट्टे वर सरकत, आधी माती, मग काळा खडक, मग लालसर, मग शेंदरी, आणि शेवटी डोळे दिपवणारा पांढरा, की आत उभ्या असलेल्या माणसाला वाटावं आपण पृथ्वीच्या पोटात थेट मधोमध निघालो. भिंतीवर दोन मोठ्या तबकड्या, एक दाबाची, एक वजनाची. आणि छतातून ताईचा आवाज. ताई म्हणजे भिंगरीची थोरली बहीण. तिची सगळी नोकरी बसस्थानकावर सूचना देण्यात गेली, आणि तिने 'गाडी सुटत आहे' असं म्हटलं की जिला कुठे जायचंच नाही अशी बाईसुद्धा पिशवी उचलायची. 'आपण खाली चाललो आहोत,' ताई छतातून सांगायची, 'दाब वाढतो आहे, आणि त्याबरोबर तुमचं वजनही.' की दोन्ही काटे जोडीने चढायला लागत, आणि चाचणीला आत बसलेला प्रत्येक जण आपोआप खांदे पाडी. ते पडलेले खांदे पाहून भिंगरीला धन्य वाटायचं.

आता सिमेंटच्या भिंतीकडे बघत उभी असताना मात्र तिला काहीतरी टोचायला लागलं. चालता चालता चपलेत खडा जावा आणि कुठल्या चपलेत तेच आधी कळू नये, तसं. सुटताना मी हलकी झाले, ती मनाशी म्हणाली. थांबताना जड झाले. कानांना मात्र काहीच कळलं नाही. आणि कानांचा इथे काय संबंध, असं स्वतःवरच खेकसेपर्यंत तिला कान आठवले होते, पाण्यातले, फार जुने. शाळेमागे पोहण्याचा तलाव होता, निळ्या फरश्यांचा, आणि सुट्टीत ताई तिला तिथे घेऊन जायची. ताईला स्वतःला पोहता येत नसे. आई-वडील गेल्यावर दोन भाऊ आणि ही भिंगरी एवढा संसार विशीच्या आत अंगावर पडलेल्या मुलीला पोहायला शिकायला सवड कुठून असणार? पण धाकटीला आलं पाहिजे असं तिने ठरवलं होतं. ती कपडे वाळत घालायची दोरी भिंगरीच्या कमरेला बांधायची, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळायची, आणि घरून आणलेला स्टीलचा पेला खोल बाजूला टाकून म्हणायची, 'जा, घेऊन ये.' भिंगरी डोकं खाली करून सूर मारायची. खाली, आणखी खाली, कान असे दडपायचे की डोक्यात कुणी दोन्ही अंगठे खुपसतंय असं वाटे. आणि नेमकं तिथेच, तळाच्या फरशीपाशी, अंग मात्र पिसासारखं व्हायचं. पेल्याला हात घालावा तर आपणच वर निघालोय. कान म्हणत, चिरडलो. पाय म्हणत, आम्ही आहोत तरी कुठे? पाण्याची ती गंमत निराळी आणि पृथ्वीची निराळी, हे शिकलेल्या भिंगरीला ठाऊक होतं. तरी एवढं त्या नवव्या वर्षीच्या कानांना आणि पायांना स्वच्छ कळलं होतं, की दाबलं जाणं वेगळं आणि जड असणं वेगळं.

आणि मग खडा सापडला. भिंगरीने छत्री भिंतीला टेकवली आणि ती लिफ्टच्या जमिनीवर चक्क फतकल मारून बसली. दोन्ही काटे एकत्र चढतात! अगं बये, दोन्ही कसे चढतील? पृथ्वीच्या मधोमध माणसाला वजन नसतंच. वजन म्हणजे पृथ्वीने आपल्याला ओढणं. जसजसं खाली जावं तसतसे जे थर डोक्यावर राहिले त्यांची ओढ सगळ्या बाजूंनी येऊन आपसांत फिटते आणि पायांखाली उरलं असेल तेवढंच काय ते ओढतं. आतलं लोखंड भलतं जड, म्हणून अर्ध्याच्या जरा अलीकडेपर्यंत वजन फारसं हलत नाही, किंचित वाढतंसुद्धा. पण त्यानंतर ते उतरणीला लागतं, आणि ऐन मध्यावर सगळ्या दिशांना सारखीच पृथ्वी, सगळीकडून सारखीच ओढ, की हाती शून्य. दाबाचं तसं नाही. दाब म्हणजे वरच्या प्रत्येक थराने खालच्यावर टाकलेलं आपलं ओझं, ते बेरजेने वाढतच जातं आणि मध्यावर सगळ्यात जास्त होतं, आपल्या अंगावरच्या हवेच्या छत्तीस लाख पट. म्हणजे जिथे स्वतःचं वजन काडीचं नाही, नेमकी तीच जागा सगळ्यात जास्त दडपलेली. हे सगळं तिला येत होतं. परीक्षेत तिने याच्या आकृत्या काढल्या होत्या. निवेदनाच्या पहिल्या मसुद्यात तर तिने बरोबर लिहिलंही होतं.

मग माशी शिंकली कुठे? शिंकली ती कार्यशाळेच्या शिस्तीत. जिथे एका मोटरवर भागतं तिथे दुसरी लावायची नाही, हा तिथला पहिला नियम. आणि निवेदन काट्याच्या मागून, काट्यावर जे दिसेल तेच आवाजात, हा दुसरा. कार्यशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे काका म्हणत, त्यांनी एक मोटर पुढे केली होती आणि भिंगरीने हौसेने मोटरच्या एकाच पट्ट्यावर दोन्ही काटे चढवले होते, वजनाचं नंतर बघू असं म्हणून. नंतर काटे इतके झोकात चढू लागले की त्यांच्याकडे बघत बघतच तिने निवेदन बदललं. आपल्या हाताने बरोबर वाक्य खोडलं, वर शाबासकी घेतली. पण खरं सांगायचं तर मोटर हे निमित्त होतं. दोन्ही काटे जोडीने चढणार हे तिला खटकलंच नाही, कारण तिने आयुष्यभर तेच तर पाहिलं होतं. ताईवर सगळ्या घराचा भार, म्हणून ताई घरातलं सगळ्यात वजनदार माणूस. जितकं दडपण तितकं वजन, हा हिशेब तिच्या डोक्यात कुणी न शिकवता बसला होता. आणि ज्या आवाजात तिने हा हिशेब जगाला ऐकवायचं ठरवलं होतं तो आवाजही ताईचाच. इतकी वर्षं एकही चुकीची सूचना दिली नाही हा त्या बाईचा अभिमान, निरोपाच्या समारंभात साहेबांनी तो बोलून दाखवला होता आणि ताई मान ताठ करून ऐकत होती. उद्यापासून रोज, दर फेरीला, तीच ताई छतातून धडधडीत खोटं बोलणार होती, आणि तिच्या तोंडी ते घातलं होतं भिंगरीने. भिंगरीला रडू येईल असं वाटलं. त्याऐवजी हसू आलं, कारण हे सगळं तिला पृथ्वीच्या पोटात नाही, तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये सुचलं होतं. तिने फोन काढला.

"ताई, मी लिफ्टमध्ये अडकलेय."

"कुठल्या? खऱ्या की तुझ्या?"

"खऱ्या."

"मग काळजी नाही. खाली बस, पाय भरून येतील. सकाळी खाल्लंस का काही? थांब हं, थोरल्याचा फोन येतोय, त्याचा चष्मा सकाळपासून सापडत नाहीये. तो असेल न्हाणीघरात, मी इथून सांगते. हां, सांगितलं त्याला. बोल."

"आज दुपारी संग्रहालयात येशील?"

"उद्या येतेच आहे की. कपडे इस्त्री करून ठेवलेत." मग ताईने सूर बदलला. "भिंगरे, आवाज का असा आलाय तुझा? पेला न आणता वर यायचीस तेव्हा यायचा तसा."

"तू ये तरी," भिंगरी म्हणाली. खरी गोष्ट सांगायला तिची जीभ रेटेना. तेवढ्यात लिफ्टने तिसरा हिसका दिला आणि तिचं पोट पुन्हा वर राहिलं. या वेळी तिने ते नीट लक्ष देऊन वर राहू दिलं.

काकांना सांगणं त्या मानाने सोपं गेलं. "काका, वजनाचा काटा चुकलाय," ती लोखंडी खोलीच्या दारातूनच म्हणाली. "मग घट्ट कर," काका म्हणाले. "घट्ट करून भागणार नाही. तो वर जायलाच नको, खाली यायला हवा." काकांनी हातातला चहा खाली ठेवला. ती बोलत गेली तसे ते तबकडीकडे असे बघायला लागले की जणू घरातल्याच कुणीतरी दगा दिलाय. "इतके महिने मी या काट्याखाली बसून चहा पितोय. मला कसं काही वाटलं नाही?" "मला तरी कुठे वाटलं, आणि मी तर शिकलेली!" काकांनी चहा पुन्हा उचलला. मग हळूच म्हणाले, "उद्या होऊन जाऊ दे. सावकाश दुरुस्त करू. येणाऱ्या-जाणाऱ्याला काय कळतंय?" त्यांचा स्वर इतका प्रेमळ होता की भिंगरीला मोह झाला. खरंच, कुणाला कळणार होतं? येतील, खांदे पाडतील, हसत बाहेर जातील. आणि घरी जाऊन सांगतील की पृथ्वीच्या मधोमध माणूस फार जड होतो, आणि ते सांगताना ताईचा आवाज काढून सांगतील. "नाही काका," ती म्हणाली. "ताई खोटं बोलायची नाही." काकांनी मान डोलावली. "पण दुसरी मोटर मिळायची नाही हं," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत जुनी मिस्किल चमक आली, तेव्हा भिंगरीला कळलं की आता जमेल.

दुसरी मोटर नकोच होती. तिने प्लायवूडचा तुकडा घेतला, त्यावर पेन्सिलीने आकार काढला, ना गोल ना लांबट, एका बाजूने फुगीर आणि दुसऱ्या बाजूने खोल चेपलेला, चिखलात पाय पडलेल्या चेंडूसारखा. ही चकती त्याच मोटरवर फिरणार होती आणि तिच्या कडेवर टेकून वजनाचा काटा चालणार होता. कडा जवळजवळ सपाट तोवर काटा जागच्या जागी, जराशी फुगली की थोडा वर, आणि मग चेपलेल्या बाजूवरून घसरत घसरत शून्यावर. करवत चालली, कानस चालली, भुसा नाकात गेला. दोनदा काटा मध्येच अडखळला, एकदा शून्याच्याही खाली गेला तेव्हा काका म्हणाले, "आता माणूस उडणार." तबकडीवरच्या 'दुप्पट' आणि 'तिप्पट' या खुणा भिंगरीने स्वतः पांढऱ्या रंगाने पुसल्या. राहिल्या दोनच, वरची 'नेहमीएवढं' आणि खालची 'शून्य'. आकडे मुळातच नव्हते. ती ताईची अट होती. ताई आयुष्यात कधी वजनकाट्यावर उभी राहिली नव्हती, दवाखान्यातही ती 'अंदाजे लिहा' म्हणून सांगायची, आणि आकडे घातलेस तर आवाज देणार नाही, असं तिने बजावलं होतं. काम हाताला लागलं तशी भिंगरीच्या मनातली धास्ती मऊ होत गेली. पण कानस थांबली की पुन्हा तोच प्रश्न, ताईला कसं सांगायचं?

ताई आली ती दारातूनच बोलत आली. मधल्याच्या मुलीला ताप, थोरल्याचा चष्मा न्हाणीघरातच सापडला, आणि इथला जिना कुणी बांधलाय ते मला एकदा दाखवा. घामेजलेला चेहरा पुसत ती खुर्चीत बसली, खुर्ची कुरकुरली, ताईने खुर्चीला दटावलं. भिंगरी पुढ्यात उभी राहिली, शाळेत उभी राहायची तशी, आणि एका दमात सगळं बोलून गेली. काटा, मोटर, खोडलेलं वाक्य. "तुझ्या तोंडी मी चुकीचं घातलं, ताई. तू कधी चुकीची सूचना दिली नाहीस, आणि माझ्यामुळे—"

"कोण म्हणालं कधी दिली नाही?"

"साहेब म्हणाले. समारंभात."

ताई हसायला लागली. आधी खांदे हलले, मग पोट, मग खुर्ची. "अगं, ढीगभर वेळा चुकलेय! एकदा तर मी सगळी बस भलत्याच गावाला पाठवत होते, माणसं चढलीसुद्धा होती. साहेबांना आठवत नाही, कारण मी दुरुस्ती झोकात करायचे. हे बघ भिंगरे, नवीन पोरी चूक झाली की आवाज खाली घेतात. पुटपुटतात. कसं चालेल? चुकीचं ऐकून माणसं निघालेली असतात, त्यांना परत बोलवायचंय तुला. दुरुस्ती नेहमी चुकीपेक्षा मोठ्याने आणि हसून सांगायची." तिने पदर झटकावा तसा रुमाल झटकला. "चल, दाखव तुझं शून्य. न बघता मी बोलत नाही."

दोघी आत शिरल्या. दार लागलं, जमीन थरथरली, माती वर सरकली. छतातला जुना आवाज बंद ठेवला होता, म्हणून ताईला भिंगरीच सांगत होती, थर कुठला, किती खोल. दाबाचा काटा चढत होता. वजनाचा 'नेहमीएवढं'वर ठाम उभा होता, मग अर्ध्या वाटेच्या जरा आधी तो किंचित वर सरकला, तशी ताई म्हणाली, "एवढं चालतं, एवढं पाहुण्यांकडे जेवून आल्यावरही होतं." मग पट्टे शेंदरी झाले आणि काटा उतरू लागला. भिंगरी काट्याकडे बघत नव्हती, ताईकडे बघत होती. पांढरा उजेड ताईच्या चेहऱ्यावर पडला, कपाळावरच्या आठ्या, कानामागे सरकवलेले पांढरे केस, सगळं त्यात उजळलं. एक काटा टोकाला जाऊन थटला होता, दुसरा शून्यावर अलगद बसला होता. पट्टे थांबले.

"म्हणजे इथे मला कुणी ओढत नाही?" ताईने विचारलं.

"सगळेच ओढतात. सगळ्या बाजूंनी. सारखंच."

"आणि दडपण?"

"सगळ्यात जास्त."

ताई काटे बघत राहिली. "मग हे आपलं घरच की गं," ती म्हणाली.

भिंगरीने ताईकडे पाहिलं. इतकी वर्षं आपण हिला दगडासारखी भक्कम समजलो, हलणार नाही म्हणून खुशाल हिच्यावर टेकलो, आणि ही मध्यभागी बसून बिनवजनाची. तिला माफी मागावीशी वाटली, पण कशाची ते नीट सांगता येईना. तेवढ्यात पिशवीत ताईचा फोन वाजायला लागला. ताईने तो काढला, बघितला, आणि भिंगरीच्या देखत पहिल्यांदाच न घेता परत पिशवीत टाकला. "मधला आहे. ताप उतरला असेल, म्हणून सांगायला," ती म्हणाली. "इतक्यात वर नेऊ नकोस. इथे बरं वाटतंय." फोन वाजून वाजून थांबला. दोघी तशाच उभ्या राहिल्या, पांढऱ्या उजेडात, आणि बाहेर काकांनी दोनदा दार ठोठावलं तरी ताईने हाताने 'थांबा' अशीच खूण केली, जी बंद दारामुळे त्यांना दिसणं शक्यच नव्हतं.

मग रेकॉर्डिंगच्या खोलीत ताई ध्वनिक्षेपकासमोर बसली. घसा साफ केला, चष्मा लावला, भिंगरीने नव्याने लिहिलेला कागद एका हातात दूर धरला. काचेपलीकडे भिंगरीने आणि बटणापाशी बसलेल्या काकांनी कानांवर हेडफोन चढवले. आवाज सुरू झाला तो स्थानकावरचाच, भरदार, हसरा, फलाटाच्या टोकापर्यंत पोचणारा. 'आपण खाली चाललो आहोत. दाब वाढतो आहे. तुमचं वजन मात्र आहे तेवढंच आहे.' एकेक थर उतरत ताई खाली गेली. शेंदरी झाला, पांढरा आला. 'आता आपण मधोमध आहोत. दाब सगळ्यात जास्त. तुमचं वजन शून्य.' कागद इथे संपत होता. काकांचं बोट बटणाकडे गेलं. पण ताईने कागद खाली ठेवला होता, चष्मा काढला होता, आणि ती काचेतून थेट भिंगरीकडे बघत होती.

'घाबरू नका,' ताई म्हणाली. 'तुम्ही कुठेही पडणार नाही. सगळ्यांनी सगळीकडून धरून ठेवलंय तुम्हाला.'

भिंगरीचा हात आपोआप कमरेपाशी गेला, जिथे दोरीची गाठ असायची. काकांनी बटण दाबलं, हेडफोन काढले, डोळे पुसायचे ते चष्मा पुसला, आणि दार उघडून, नियम तो नियम म्हणून विचारलंच, "शेवटचं काट्यावर कुठे दिसतं?"

"मग एक तबकडी वाढवा," ताई म्हणाली. "मोटर तीच चालेल."